म्हातारीची दुसरी बाजू

प्रिय क्युंगू,

रागावली असशील तर रागावलेलीच राहा, पण हे शेवटपर्यंत वाच. फोन करून करून थकले म्हणून लिहायला बसले आहे. तुला ठाऊकच आहे, आपल्या गावात फोन लावायचा म्हणजे शाळेमागच्या मोठ्या वारुळावर चढायचं आणि तोल सांभाळत हात वर धरायचा. मी इतक्यांदा चढले की पोरं मला वारुळावरची राणी म्हणायला लागली आहेत. दर वेळी फोनमधली तीच गोड आवाजाची बाई सांगते, बंद आहे. तिला झोडावंसं वाटतं. मग मी तुझ्या नवऱ्याचा, मोंगाभाऊजींचा नंबर लावला. एकदा त्यांनी उचलला. मी म्हटलं, भाऊजी, क्युंगूला द्या जरा. नुसता श्वास ऐकू येत होता आणि मागे कुणीतरी भांडी घासत होतं. मग फोन बंद झाला. भांडी तूच घासत होतीस ना? मी तसंच धरून चालले आहे.

इथलं सांगायचं तर सगळं आहे तसं आहे. तळ्याला पाणी भरपूर आहे, पाणगवताची बेटं सुटून थेट आपल्या धक्क्याला येऊन टेकली आहेत आणि होड्या काढताना पुरुषांच्या तोंडी शिव्यांशिवाय दुसरं काही नाही. माझ्या नवऱ्याचं, किसिम्बाचं जाळं फाटलं, ते तो रोज शिवतो आणि रोज नवीन ठिकाणी फाडून आणतो. बान्झा आता चालतो, पण भूक लागली की धावत येऊन माझ्या कापडात तोंड खुपसतो. शेजारच्या न्दायाची जीभ आहे तशीच आहे. परवा मला म्हणाली, तुझ्या पोराला दात आले, आता लग्न ठरवा, पण पाजणं सोडू नका. मी हसले. तेव्हा हसले, नंतर विचारात पडले. का पडले ते पुढे सांगते, आत्ता सांगितलं तर सगळा गुंता होईल. तसाही माझ्या डोक्याचा भुगा झालेलाच आहे.

सुरुवात उम्बामामापासून करते. तुला बाळ झाल्याचा निरोप आला तेव्हा आई इतकी आनंदली की तिने धुरीवरचे सगळ्यात चांगले मासे उतरवले, ताडाचं तेल दिलं आणि मामाला तुझ्याकडे पिटाळलं. मलाच यायचं होतं, पण बान्झाला ताप होता. तू शेवटच्या फोनवर म्हणाली होतीस, पोट एवढं मोठं झालंय की बहुतेक दोन आहेत, मग मलाही लोक आईसारखं जुळ्यांची आई म्हणतील आणि बाजारात आधी वाट देतील. मी म्हटलं, शहरात कुणी कुणाला वाट देत नाही, तिथे तू पोट पुढे करूनच चालावंस. तू इतकी हसलीस की तुला धाप लागली. ते हसणं माझ्या कानात आहे. मामा तिकडे चांगला मुक्काम करणार होता, बारसं पाहून येणार होता. तो फार लवकर परत आला.

मी धक्क्यावरच होते. मामा कसा माणूस आहे ते तुला सांगायला नको. बुकामाच्या स्टेशनात त्याचा चहा सांडला तर ती गोष्ट तो आठवडाभर पुरवतो, आणि दर वेळी कप थोडा मोठा होतो. आणि हा मामा होडीतून उतरला तो तोंडाला कुलूप लावून. मी विचारलं, मुलगा की मुलगी? म्हणाला, मुलगी. बरी आहे? बरी आहे. एकच ना? एकच. नाव काय ठेवलं? अजून ठेवलं नाही. आणि क्युंगू कशी आहे? तो टोपली उचलायला वाकला, ती रिकामी टोपली उचलायला त्याला केवढा वेळ लागला, आणि म्हणाला, "चल पोरी, ऊन फार आहे." ऊन होतं हे खरं आहे. पण मी ऊन विचारलं नव्हतं.

मग घरी आल्यावर त्याने कापडं काढली. निळ्या रंगावर पिवळी पानं, दोन्ही अगदी सारखी, तुला आवडतील अशी. आता जुळ्यांना कापड आणायचं तर दोन आणायची, हे काही नवीन नाही. आपल्याला कधी कुणी एक गोष्ट दिलीय का? एक अंडं असलं तर आई ते मामाला खायला घालायची, पण एकीला नाही द्यायची. आठवतं, तुला हिवताप आला तेव्हा दवाखान्यातल्या बाईने तुला गोळ्या दिल्या आणि आईने तेवढ्याच मलाही गिळायला लावल्या. मी धडधाकट, आणि दिवसभर ओकतेय. ताप तुझा, कडू तोंड माझं. तर मला वाटलं, एक कापड मामाने तुला दिलं असेल आणि दुसरं माझं. पण त्याने दोन्ही माझ्या मांडीवर ठेवली. म्हणाला, "दोन्ही तूच ठेव." मी विचारलं, का, तिने घेतलं नाही? तो म्हणाला, "तिला आता नको."

इथेच माझं डोकं फिरलं. मला वाटलं, झालं, तुझ्या त्या प्रार्थनामंदिरातल्या लोकांनी तुला सांगितलं असणार की जुळ्यांचे हे सगळे प्रकार सैतानाचे आहेत. मोंगाभाऊजी मागे म्हणालेच होते, त्या कौल देणाऱ्या लाकडी बाईच्या घरातलं काही आमच्या घरात यायला नको. मी दिवसभर तुला मनातल्या मनात शिव्या घातल्या. मासे चिरत होते आणि प्रत्येक माशाला तुझं नाव देत होते. गेली शहरात आणि कापडसुद्धा नकोसं झालं, म्हटलं. खरं सांगू, तो दिवस बरा गेला. रागावलेली असताना माणसाला दुसरं काही सुचत नाही.

संध्याकाळी मामा पुन्हा आला. अंगणात बसला. बान्झाकडे बराच वेळ बघत राहिला आणि मग मला म्हणाला, हा अजून अंगावर पितो ना? मी म्हटलं, पितो की, सुटायचं नाव नाही. तर म्हणाला, तोडू नकोस इतक्यात. पुरुषमाणूस हे कशाला विचारेल, सांग बरं मला. आणि आई, जी महिनोन्महिने मला टोमणे मारत होती, दाढी येईपर्यंत पाजणार आहेस का म्हणून, ती त्याच्या शेजारी बसून मान हलवत होती. दुसऱ्या दिवसापासून माझ्या ताटात शेंगदाण्याची पेज यायला लागली. बुकारीच्या उकडीचा गोळा माझा मोठा, मासा माझा मोठा. बाळंतिणीला वाढतात तसं मला वाढते. मी म्हटलं, आई, मी पोटुशी नाहीये गं. ती म्हणाली, "गप खा. दूध चांगलं राहतं."

त्यानंतर चंद्राची नवी कोर दिसली, त्या संध्याकाळी बायका जमल्या. न्दाया पुढे, बाकीच्या मागे, तोंडाला पांढरी माती फासलेली, आणि जुळ्यांची गाणी सुरू झाली. तीच ती आपली घाणेरडी गाणी, आईच्या मांड्या आणि बापाची लांबी, जी एरवी कुणी म्हटली तर थोबाड फुटेल. मी विचारलं, कुणाकडे जुळी झाली? या काठाला नाही, त्या काठाला नाही. न्दाया म्हणाली, कुणाकडे नाही गं, फार वर्षांत म्हटली नाहीत, पोरी विसरून जातील. मलाही मधे ओढलं. मीही नाचले, मीही शिव्या घातल्या, तुला ठाऊक आहे मला ती गाणी तुझ्याहून चांगली येतात. न्दाया मोठमोठ्याने हसत होती. पण तिच्या डोळ्यांखालची पांढरी माती वाहून गेली होती. मी बोट दाखवलं तर म्हणाली, घाम आहे. ती नाचलीही खूप होती, म्हणजे घाम असेलच.

आता तुला कळलं असेल की माझं मन कुठे कुठे जात होतं. दुसऱ्या कुठल्या घरात असं काही झालं तर विचारावं लागत नाही, रडण्यावरूनच गावाला कळतं. आपल्या बाबतीत तेवढीही सोय नाही. जुळ्यातलं एक गेलं तर रडायचं नाही. रडणं ऐकलं तर राहिलेलं दुसरंही त्याच्यामागे निघतं, म्हणून गाणी म्हणायची, हसायचं, शिव्या द्यायच्या. मेलं असं तर तोंडातूनही काढायचं नाही. आपण लहान असताना पलीकडच्या वाडीतल्या त्या दोन भावांतला एक गेला होता, आठवतं? आपल्याला नाचायला नेलं होतं आणि भाजलेला कसाव्याचा कंद दिला होता, म्हणून आपण खूश. तो राहिलेला मुलगा सगळ्यांना विचारत होता, माझा भाऊ कुठे गेला. आणि सगळी मोठी माणसं एकच सांगत होती, लाकडं आणायला गेलाय. तो बिचारा दिवसभर रानाच्या वाटेवर बसून राहिला. तू घरी येऊन आईला विचारलंस की एवढी लाकडं कशाला लागतात, आणि आईने तुला जवळ घेतलं. मला नाही घेतलं, मग माझी आठवण झाल्यावर मलाही घेतलं.

तर मी स्वतःला समजावत होते की काहीही असलं तरी अजून कुणी लाकडांचं नाव काढलेलं नाही. मामाने ऊन काढलं, न्दायाने घाम काढला, आईने पेज काढली, पण लाकडं कुणी नाही काढली. किसिम्बालाही विचारून पाहिलं. तो जाळ्यात मान घालून म्हणाला, मला काय विचारतेस, घरात काशेकेशेके आहे, ती लाकडी म्हातारी, तिला विचार. सुटका करून घ्यायला बोलला, पण मला ते पटलं. आपल्याच घरात म्हातारी आहे आणि मी वारुळावर कशाला चढतेय?

क्युंगू, तुला म्हातारी आठवते ना नीट? शहरात राहून विसरली असशील तर सांगते, अजून तशीच आहे. वर बाईचं डोकं आणि छाती, नाक झिजून सपाट झालेलं, केसांचा मागचा अंबाडा मात्र अजून रेखीव, आणि कमरेखाली पायांच्या जागी ती पोकळ चौकट. एका बाजूने आई दोन बोटं घालणार, दुसऱ्या बाजूने विचारायला आलेला माणूस. आईच्या आईने धरली, तिच्या आधी तिच्या मावशीने. किती लोकांची बोटं घासून घासून ती चौकट आतून मऊ झालीय, मेणासारखी. आपण एकदा आई बाजारात गेली असताना ती काढली होती. तू या बाजूला, मी त्या बाजूला, आणि विचारलं होतं की न्दायाची शेळी आपल्याला मिळेल का. ती चटईवर अशी सुसाट सुटली की आपण दोघी घाबरून ओरडलो. तू म्हणालीस, तू ढकललंस. मी म्हटलं, तू ढकललंस. ते भांडण अजून मिटलेलं नाही. आईने येऊन पाहिलं आणि मारलं नाही, एवढंच म्हणाली, तुम्ही दोघींनी मिळून धरायची नाही. म्हातारीला दोन माणसं लागतात, तुम्ही दोन माणसं नाही. तेव्हा मला वाटलं होतं, आपली थट्टा करतेय.

तर मी आईच्या मागे लागले. आई म्हणाली, घरच्यासाठी धरत नाहीत, तुला माहीत आहे. खरं आहे. परक्याचा हात मोकळा असतो, घरच्याचा हात आधीच काहीतरी मागत असतो. मला म्हणाली, वरच्या गावच्या कौल लावणाऱ्या बाईकडे जा. मी म्हटलं, तिला माझी बहीण काय माहीत, मी तुझ्याकडेच धरणार. रोज सकाळी कसावा कुटताना विचारायचे, रोज भांडी घासताना विचारायचे. नाही म्हणून म्हणून ती दमली. एके दिवशी सकाळी मी पाणी घेऊन आले तर तिने चटई पसरलेली, पांढरी माती भिजवलेली, म्हातारी मधे ठेवलेली. आईचं तोंड पाहिलं आणि वाटलं, नको, राहू दे. पण मीच एवढी मागे लागले होते. बसले.

सुरुवात तिने नेहमीसारखीच केली. आधी म्हातारीला जागं केलं, मग दोघींनाही ठाऊक आहे असं विचारलं, ती शुद्धीवर आहे का बघायला. ही काबांगे का? म्हातारी सरळ पुढे गेली, मागे आली. म्हणजे हो. ही बान्झाची आई का? सरळ पुढे, सरळ मागे. या घरावर पत्रा आहे का? ती गोल फिरली, नाही. आपलं गवताचं छप्पर तिलाही दिसतं. माझी बोटं सैल होती, मी काही करत नव्हते, हे मी शपथेवर सांगते. मग मी विचारलं, "माझी क्युंगू जिवंत आहे का?"

आणि म्हातारी थांबली. इतक्या वर्षांत मी तिला थांबलेली पाहिली नाही. चुकीचं सांगेल, उलटं सांगेल, पण थांबत नाही. ती जागच्या जागी थरथरत होती आणि चौकट माझ्या बोटांत रुतत होती. मला कळलं की मी तिला ओढतेय, सरळ, माझ्या बाजूला, हो म्हणावं म्हणून. आणि त्याच वेळी मला आईचीही ओढ जाणवली. क्युंगू, आईसुद्धा सरळच ओढत होती, तिच्या बाजूला. दोघी हो म्हणायला ओढत होतो, दोघी आपापल्याकडे, आणि म्हणून ती मधे अडकून राहिली होती. मला तसं वाटलं. किंवा आई तिला नुसती घट्ट धरून ठेवत असेल, मी ओढू नये म्हणून. किंवा मीच खोटं ओढत होते आणि म्हातारी अडून बसली होती. मी हे इतक्या बाजूंनी उलटंपालटं केलं आहे की आता माझं काय आणि तिचं काय, मला सांगता येत नाही.

शेवटी आईनेच प्रश्न बदलला. माझ्याकडे न बघता, म्हातारीकडे बघून, अगदी खालच्या आवाजात तिने विचारलं, "हिने रडायचं का?" आणि म्हातारी लगेच फिरली, गोल, बुकारी ढवळावी तशी संथ, एकदा नाही, पुन्हा पुन्हा. नाही. नाही. आईने बोटं काढून घेतली, म्हातारीला कापडात गुंडाळलं आणि म्हणाली, "ऐकलंस ना. झालं."

माझा जीव भांड्यात पडला. रडायचं नाही म्हणजे रडण्यासारखं काही झालेलं नाही. मी पळत तळ्यावर गेले, किसिम्बाला सांगितलं, क्युंगू बरी आहे, म्हातारीने सांगितलं. त्याने जाळ्यातून मान वर केली नाही, फक्त बरं म्हणाला. मी बान्झाला उचलून नाचवलं. घरी येऊन ते निळं कापड नेसले आणि तुझं नीट घडी करून ठेवलं, तू आलीस की देईन म्हणून. आणि दुपारी भांडं घासता घासता, भांड्यातल्या करपलेल्या बुकारीला नखाने खरवडत असताना, माझा हात थांबला. जुळ्यातल्या एकीला म्हातारी दुसरं सांगणार तरी काय? तू बरी असलीस तरी नाही. तू नसलीस तरी नाहीच. आईला हे ठाऊक नव्हतं असं कसं होईल, तिचं आयुष्य प्रश्न विचारण्यात गेलं. मग तिने असा प्रश्न का विचारला, ज्याचं उत्तर कसंही घेता येतं? मला बरं वाटावं म्हणून? की मला सांगायचं होतं आणि याहून जास्त तिच्याने सांगवलं नाही म्हणून? मी तिला जाऊन विचारायला हवं होतं. पण ती कोपऱ्यात बसून चटई विणत होती, लहानशी, बान्झालाही पुरणार नाही एवढी. म्हटलं, ही कुणाला? म्हणाली, बाजारात विकायला. एवढी छोटी चटई कोण विकत घेतं?

त्या दिवसापासून आईने म्हातारी बाहेर काढलेली नाही. लोक येतात, कुणाची होडी गेलेली, कुणाचं पोर झोपत नाही, त्यांना ती परत पाठवते. सांगते, बोटं दुखतात. रात्र रात्र जागते, सकाळी डोळे सुजलेले असतात आणि चुलीचा धूर म्हणते. आम्ही दोघी एकाच घरात एकमेकींपासून काहीतरी लपवतोय आणि दोघींना ठाऊक आहे ते काय आहे. किंवा तिला ठाऊक आहे आणि मला नाही. किंवा मला ठाऊक आहे आणि मी ते घेत नाहीये. तुझ्यावर रागावले होते तो दिवस किती बरा होता.

शनिवारी मामा पुन्हा तुझ्याकडे निघतोय. मासे न्यायला म्हणतो. पण आईने त्याच्या टोपलीत जुनं मऊ कापड अंथरलं आहे, कडेनेसुद्धा लावलं आहे, काही टोचू नये म्हणून. माशांना कशाला मऊ लागतं? म्हणून आज सकाळी मी सगळं सोडून तिच्यासमोर उभी राहिले. ती अंगणात कसावा वाळत घालत होती. म्हटलं, आई, म्हातारी नको, गाणी नकोत, तू तोंडाने सांग, क्युंगू कुठे आहे? तिने हात थांबवला नाही. एकेक तुकडा सारखा करत, खालीच बघत म्हणाली, "लाकडं आणायला गेली आहे."

क्युंगू, लुबुम्बाशीत लाकडं आणायला कोण जातं? तूच मला सांगायचीस, तिथे कोळसा दारात मिळतो, पोती घेऊन सायकलवाले ओरडत जातात. पण एखाद्या दिवशी कोळसा आला नसेल. पाऊस असेल, रस्ता बंद असेल, तू खरंच कुठेतरी चार काटक्या गोळा करायला गेली असशील. असं होऊ शकतं ना? म्हणून हे लिहिते आहे. मामाच्या हाती देत नाही. बुकामाची एक तेलवाली इथून पुढे तुमच्या शहरात जाणार आहे, ती आपल्यातल्या कुणाला ओळखत नाही, तिला कुणी काही शिकवलेलं नाही. तिला सांगितलं आहे, मोंगाभाऊजींच्या हातात देऊ नकोस, शेजाऱ्यांना देऊ नकोस, दारात बसून राहा आणि क्युंगू आली की तिच्याच हातात दे. या कागदाची एक बाजू मी धरली आहे. आईने मना केलं होतं ते मला आठवतंय, पण तू दुसरी बाजू धर. ओढ, ढकल, शिवी दे, तू ढकललंस म्हण, मी कबूल करून टाकीन की शेळीच्या वेळी मीच ढकललं होतं, नसलं तरी. मुलीला मी पाजीन, ते काय सांगायला हवं? दूध भरपूर आहे, आईने ती सोय करून ठेवली आहे. पण तिला टोपलीतून पाठवू नकोस, तू घेऊन ये. मी अजून रडलेले नाही. रडण्यासारखं काही नाही म्हणून रडायचं नाही, की आपल्याला रडायचंच नसतं म्हणून, एवढं तेवढं कळव. तुझ्या कापडाची घडी मी मोडलेली नाही.

तुझीच, दुसरी बाजू धरून बसलेली,
काबांगे